हिमालयाचे वर्षाला दोन सेंटिमीटर

भारताची जमीन उत्तरेकडे सरकते आणि तिच्या रेट्याने हिमालय उभा राहिला, हे आता शाळेच्या पुस्तकातही असते. हा रेटा प्रत्यक्ष मोजला गेला त्याला मात्र अजून चाळीस वर्षेही झालेली नाहीत.

लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ सुरू केलेली मोजणी चाळीसेक वर्षांत हिमालयाच्या पायथ्याशी पोचली. तिची सारी मदार खुणेचा दगड जागचा हलत नाही यावर होती. शिवाय एका ठाण्यावरून दुसरे दिसावे लागे, आणि नेपाळची दारे इंग्रज मोजणीदारांना बंद! शिखरांची उंची दुरून तराईतूनच काढावी लागली. पर्वताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या खुणांमधले अंतर कोण घेणार?

जीपीएसला दोन ठाणी एकमेकांना दिसण्याची गरज नाही. खडकात खूण पक्की करायची, तिच्यावर अँटेना लावून वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश टिपायचे, आणि काही वर्षांनी पुन्हा त्याच खुणेवर यायचे. नेपाळात १९९१ पासून घेतलेल्या अशा मोजण्यांवरून रॉजर बिल्हॅम, क्रिस्टीन लार्सन आणि जेफ्री फ्रायम्यूलर यांनी १९९७ साली आकडा मांडला : भारत आणि दक्षिण तिबेट वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर जवळ येतात. आपली नखे याहून भरभर वाढतात.

मला आकड्याहून त्याची वाटणी महत्त्वाची वाटते. दक्षिण नेपाळ भारताबरोबरच सरकतो. आकसतो तो उंच हिमालयाचा पट्टा. म्हणजे भारताचे खडक जिथे हिमालयाखाली शिरतात तो सांधा सुमारे शंभर किलोमीटर रुंदीत घट्ट अडकला आहे. दरवर्षीचे दोन सेंटिमीटर घसरून जात नाहीत, ताण होऊन साठतात.

२५ एप्रिल २०१५ ला सांध्याचा एक तुकडा सुटला. काठमांडू परिसरातल्या अँटेना काही सेकंदांत दीड-दोन मीटर दक्षिणेला सरकल्या. सुमारे नऊ हजार माणसे गेली. आणि तरीही ती फूट दक्षिणेला जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत आली नाही, पश्चिमेचा पट्टाही सुटला नाही.

त्या पश्चिम नेपाळातला शेवटचा फार मोठा भूकंप १५०५ चा. पाचशे वर्षांना दोन सेंटिमीटरने गुणले तर दहा मीटर होतात. पाचवीतले पोरही सांगेल. हे दहा मीटर कधी सुटणार, ते जीपीएसवरून कळत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिकडेच जाजरकोटला भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे गेली. या हिशेबातून त्याने जवळजवळ काहीच वजा झाले नाही.