खाण्याच्या क्रियापदाची कुळकथा

माणसांप्रमाणे शब्दांनाही बरेवाईट दिवस पाहावे लागतात. जपानी भाषेतल्या खाण्याच्या क्रियापदाची हकीगत पाहिली म्हणजे मला हे फार पटते.

आजचा जपानी माणूस घरीदारी खाण्याला ‘ताबेरु’ म्हणतो. शब्द अगदी साधा. त्यात ना अदब, ना उद्धटपणा. पण त्याचे कूळ मोठे विनयशील! क्योतोच्या दरबाराचा जेव्हा बडेजाव होता, त्या हेआन काळात (७९४ ते ११८५) त्याचे रूप होते ‘ताबु’. अर्थ, वडीलधाऱ्यांनी वा धन्याने दिलेले नम्रपणे स्वीकारणे. पुढ्यात आलेले अन्न काय, मद्य काय, कुणाच्या तरी कृपेने लाभले, ही त्यामागची भावना. निव्वळ खाण्यासाठी ‘कू’ हा वेगळा शब्द होता.

पुढे जो तो विनय दाखवू लागला. रोजच्या वापराने नाण्यावरचा छाप झिजावा तशी ‘ताबेरु’तली नम्रता झिजली आणि नुसते खाणे तेवढे उरले. बिचारा ‘कू’ मात्र रांगडा ठरला. आज तो पुरुषांच्या दोस्तमंडळींत वावरतो, नाहीतर वाक्प्रचारांत. आपण बोलणी खातो. जपानी पोरगा अशा वेळी ‘मोठे डोळे’ खातो, आणि तिथे क्रियापद ‘कू’च लागते!

नम्रतेची रिकामी जागा ‘इतादाकु’ने भरून काढली. याचा मूळ अर्थ मस्तकी धारण करणे. पर्वतशिखरालाही ‘इतादाकी’च म्हणतात. जेवणाआधी हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणायचे, ते यातलेच. पाहुण्याच्या खाण्याला मात्र ‘मेशिआगारु’ हा आदराचा शब्द हवा. आदरार्थी बोलण्याचे पाच प्रकार सांगणारी मार्गदर्शिकाच तिथल्या सरकारी सल्लागार मंडळाने २००७ साली काढली. तरीही पाहुण्यालाच ‘इतादाकु’ करा म्हणणारे आढळतात आणि जाणकार नाके मुरडतात. ‘ताबेरु’च्या वाटेनेच हाही निघाला की काय, कोण जाणे!

आपणही ‘चहा खा’ किंवा ‘चहा पी’ असे पाहुण्याला म्हणत नाही. ‘चहा घ्या’ म्हणतो. स्वीकारण्याचेच क्रियापद! शब्द झिजायचेच. पण एक झिजला की माणसाला दुसरा शोधावासा वाटतो, यातच मला त्याची कृतज्ञता दिसते. तेव्हा वाचकहो, फराळ घ्या!