खंदकातला ट्रान्झिस्टर : १३ जून १९८२

पायाशी चेंडू घेऊन उभा असलेला दिएगो मॅराडोना आणि त्याच्यासमोर लाल पोशाखातले सहा बेल्जियन खेळाडू, हे छायाचित्र बहुतेक फुटबॉलप्रेमींनी पाहिलेले असते. एकट्या मॅराडोनाने सहा जणांना धडकी भरवली, असा त्याचा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात ते सहा जण फ्री किक अडवण्यासाठी उभारलेल्या भिंतीतून नुकतेच पांगत होते. छायाचित्र काहीसे फसवे आहे. तारीख मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. १३ जून १९८२, बार्सिलोनाचे कॅम्प नोऊ मैदान, विश्वचषकाचा सलामीचा सामना : गतविजेता अर्जेंटिना विरुद्ध बेल्जियम.

त्याच वेळी बार्सिलोनापासून सुमारे १२ हजार किलोमीटर दूर, दक्षिण अटलांटिकमधल्या एका बेटावर, पाण्याने भरलेल्या खंदकांत बसून अर्जेंटिनाचे सैनिक हाच सामना रेडिओवर ऐकत होते.

ब्रिटन ज्यांना फॉकलंड म्हणते आणि अर्जेंटिना माल्विनास, ती ही बेटे. २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने ती ताब्यात घेतली. ब्रिटनने आरमार पाठवले. (त्या ताफ्याची प्रमुख नौका होती विमानवाहू ‘हर्मिस’. हीच नौका १९८७ मध्ये ‘आयएनएस विराट’ या नावाने भारतीय नौदलात आली आणि २०१७ मध्ये मुंबईत निवृत्त झाली.)

बेटांवर पाठवलेल्या अर्जेंटिनी सैनिकांत मोठा भरणा होता तो सक्तीच्या लष्करी सेवेतल्या मुलांचा. यांतले बहुसंख्य १९६२ साली जन्मलेले, म्हणजे एकोणीस-वीस वर्षांचे. अशा सैनिकाला तिकडे ‘कोलिम्बा’ म्हणत. धाव, पूस, झाड या तीन स्पॅनिश क्रियापदांची आद्याक्षरे जोडून हा शब्द झाला, असे लोक गमतीने सांगत. लष्करात या मुलांच्या वाट्याला काय येई, ते त्यावरून कळते. कोरिएन्तेस, चाको अशा उष्ण प्रांतांतून आलेल्या कित्येकांनी आयुष्यात बर्फ पाहिलेला नव्हता. अन्न अपुरे, कपडे ओले, पाय सुजलेले. भुकेपोटी मेंढी मारली किंवा कोठारातून अन्न उचलले, म्हणून स्वतःच्याच अधिकाऱ्यांनी हातपाय बांधून गारठ्यात जमिनीवर टाकल्याच्या तक्रारी माजी सैनिकांनी पुढे न्यायालयापर्यंत नेल्या.

ही पिढी फुटबॉलवर वाढली होती. १९७८ चा विश्वचषक अर्जेंटिनातच झाला आणि अर्जेंटिनाने तो जिंकला, तेव्हा ही मुले पंधरा-सोळा वर्षांची होती. अंतिम सामन्याच्या मैदानापासून दोन किलोमीटरांच्या आत नौदलाच्या शाळेत राजवटीचे छळकेंद्र चालू होते आणि तिथल्या कैद्यांना मैदानातला जल्लोष ऐकू येत होता. त्यामुळे ‘लष्करी राजवटीने फुटबॉल ही अफूची गोळी म्हणून वापरली’ हे विधान इतिहासलेखनात रूढ झाले. राजवटीच्या हेतूबद्दल ते खरेच आहे. परंतु खंदकातल्या मुलाने ट्रान्झिस्टरला कान का लावला होता, हे त्या विधानातून कळत नाही.

त्यासाठी ते दोन महिने त्याच्या कानावर काय पडत होते, हे पाहावे लागते. देशातली प्रसारमाध्यमे विजयाच्या वार्ता देत होती. एका लोकप्रिय साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ‘आपण जिंकत आहोत’ असा मथळा झळकला. मथळ्याची भाषा पाहा : युद्ध चालू आहे की सामन्याचा उत्तरार्ध, असा प्रश्न पडावा. २ मे रोजी ‘जनरल बेल्ग्रानो’ ही युद्धनौका बुडून ३२३ जण मृत्युमुखी पडले, त्यानंतरही विजयाचा सूर बदलला नाही. दूरचा वाचक त्यावर विश्वास ठेवू शकत होता. डोक्यावरून तोफगोळे जाताना ऐकणाऱ्या सैनिकाला तो ठेवता येत नव्हता. युद्धाची बातमी आणि सामन्याचे धावते वर्णन त्याला एकाच पेटीतून ऐकू येत होते. त्यांपैकी गोलसंख्या तेवढी खोटी सांगता येण्याजोगी नव्हती.

गंमत अशी की, स्पेनला गेलेल्या राष्ट्रीय संघाचाही राजवटीच्या बातम्यांवर विश्वास होता. आपला देश युद्ध जिंकतो आहे अशा समजुतीत आपण होतो आणि स्पेनमधली वृत्तपत्रे वाचल्यावर खरे काय ते कळले, असे मॅराडोनाने आत्मचरित्रात लिहिले आहे. ओस्वाल्दो आर्दिलेसची स्थिती त्याहून अवघड. तो इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबचा लाडका खेळाडू. बेटे ताब्यात घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३ एप्रिलला, तो एफए चषकाची उपांत्य फेरी खेळला आणि मग राष्ट्रीय संघात दाखल झाला. १ मे रोजी त्याचा चुलतभाऊ, लढाऊ वैमानिक होसे आर्दिलेस, बेटांजवळ मारला गेला. १३ जूनला तो कॅम्प नोऊवर उतरला, तो हे सारे मनात घेऊनच.

बेटांवर तोवर शेवटची घटका आली होती. ११ जूनच्या रात्री ब्रिटिशांनी राजधानीभोवतीचे लाँगडन, टू सिस्टर्स आणि हॅरिएट हे डोंगर घेतले. लाँगडनवर लढलेली सातवी पायदळ रेजिमेंट ला प्लाता शहराची, म्हणजे ‘एस्तुदियान्तेस’ आणि ‘हिम्नासिया’ या दोन हाडवैरी क्लबांच्या गावची. तिथे दोन्ही बाजूंचे पाठीराखे एकाच खड्ड्यात होते. वाचलेले सैनिक मागे सरकून पुढल्या हल्ल्याची वाट पाहत राहिले.

बार्सिलोनात संध्याकाळ होती, बेटांवर दुपार. ६२ व्या मिनिटाला बेल्जियमच्या एर्विन वांडेनबर्गने गोल केला. तोच सामन्यातला एकमेव गोल ठरला आणि गतविजेता सलामीलाच हरला. त्या पराभवाने रडू आल्याचे सांगणारे माजी सैनिक आहेत. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. पण रोज माणसे मरत असताना एका गोलासाठी रडणे म्हणजे उथळपणा नव्हे. खेळातले दुःख हे घरचे दुःख होते. ते आपल्या आळीत, आपल्या वडिलांच्या शेजारी बसून करायचे असते. ते दीड-दोन तास त्याला गणवेशाबाहेर काढणारे होते.

त्याच रात्री स्कॉट्स गार्ड्सनी टंबलडाउनवर आणि पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनने वायरलेस रिजवर हल्ला चढवला. सामना ऐकलेल्यांपैकी काहींची ती अखेरची रात्र ठरली. १४ जूनला जनरल मेनेंदेस यांनी शरणागती पत्करली. ७४ दिवसांच्या या युद्धात अर्जेंटिनाचे ६४९ जण, ब्रिटनचे २५५ सैनिक आणि बेटांवरचे तीन नागरिक प्राणांस मुकले.

स्पर्धा थांबली नाही. तत्पूर्वी ब्रिटनमध्ये इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडचे संघ मागे घ्यावेत का, यावर सरकारी पातळीवर खल झाला होता. अखेर तिन्ही संघ गेले. शरणागतीनंतर दोनच दिवसांनी इंग्लंडच्या ब्रायन रॉबसनने फ्रान्सविरुद्ध २७ व्या सेकंदाला गोल केला. १८ जूनला अर्जेंटिनाने हंगेरीला ४-१ असे हरवले, त्यांत मॅराडोनाचे दोन गोल होते. त्या दिवशी चार हजारांवर अर्जेंटिनी युद्धकैदी ‘कॅनबेरा’ या ब्रिटिश जहाजातून मायदेशी निघाले होते. १९ जूनला ते पुएर्तो माद्रिन बंदरात उतरले. त्यांना गाजावाजा न होता पुढे न्यावे, अशी लष्कराची इच्छा होती. गावकऱ्यांनी मात्र घरात होते नव्हते ते खायला आणून दिले. गावातला पाव संपला तो दिवस, अशी त्या तारखेची ओळख तिथे आजही आहे.

पुढे या मुलांकडून युद्धाविषयी न बोलण्याच्या कागदांवर सह्या घेतल्या गेल्या. अनेकांना काम मिळाले नाही, अनेकांनी आत्महत्या केल्या. १९८६ मध्ये मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने केलेल्या गोलाला ‘माल्विनासचा सूड’ म्हणण्याची रीत आहे. परंतु बोलण्याची मुभा नसलेल्या माणसाला त्या सूडातून काय मिळाले, हे फारसे कोणी विचारत नाही.

ओमार दे फेलिपे हा त्या सैनिकांपैकी एक. युद्धावर गेला तेव्हा तो ‘हुराकान’ क्लबच्या युवा संघात होता. परतल्यावर तो पुन्हा मैदानात उतरला, व्यावसायिक खेळाडू झाला, नंतर प्रशिक्षक. युद्धानंतर आपल्याला सावरले ते फुटबॉलने, असे त्याने मुलाखतींतून सांगितले आहे. २०१४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरलेल्या ‘इंदिपेंदिएन्ते’ या मातब्बर क्लबला पुन्हा पहिल्या श्रेणीत आणणारा प्रशिक्षक तोच.