राष्ट्राची जागा आणि कनिष्ठ खेळाडू : आंतरराष्ट्रीय संधीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

खेळाच्या इतिहासाचे लेखन आपल्याकडे बहुधा पदकापासून सुरू होते. पदक मिळाले की खेळाडूचे गाव, त्याची गरिबी, त्याचे गुरू या सर्वांचा शोध घेतला जातो. परंतु त्या स्पर्धेत उभे राहण्याची जागा त्याला कोणी दिली, ती जागा मुळात कोणाच्या मालकीची होती आणि ती मिळण्यापूर्वी घरच्या मैदानावर किती जणांना मागे राहावे लागले, हे प्रश्न फारसे विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात या जागेचा इतिहास महाराष्ट्रातील काही उदाहरणांच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे. भर कनिष्ठ वयोगटावर आहे. प्रौढ खेळाडूला पुढच्या वर्षाची वाट पाहता येते, कनिष्ठाला मात्र वय थांबू देत नाही.

या प्रश्नाचे सर्वांत ठळक रूप पाहावयाचे तर आपल्या परिचयाबाहेरच्या एका खेळाकडे वळावे लागेल. फिगर स्केटिंग म्हणजे बर्फाच्या पृष्ठभागावर संगीताच्या साथीने उड्या व गिरक्या सादर करण्याचा खेळ. त्याची जागतिक कनिष्ठ अजिंक्यपद स्पर्धा १९७६ मध्ये फ्रान्समधील मेझेव्ह येथे सुरू झाली आणि १९९७ पासून आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने कनिष्ठांसाठी स्पर्धांची स्वतंत्र मालिका सुरू केली. ती पुढे कनिष्ठ ग्रां प्री या नावाने ओळखली जाऊ लागली. या मालिकेत मुलगा अथवा मुलगी स्वतःचे नाव नोंदवू शकत नाही. नाव राष्ट्रीय संघटना नोंदवते आणि तिला किती जागा मिळाव्यात, हे त्या देशाच्या आधीच्या कामगिरीवरून ठरते. एका खेळाडूला एका मोसमात जास्तीत जास्त दोन स्पर्धा मिळतात आणि अंतिम स्पर्धेस केवळ सहा जण पात्र ठरतात. जागतिक कनिष्ठ स्पर्धेत तर कोणत्याही देशाला एका प्रकारात तीनपेक्षा अधिक जागा नाहीत.

हा नियम वरवर न्याय्य वाटतो आणि बऱ्याच अंशी तो न्याय्य आहेही, अन्यथा दोन-तीन देशांनीच सारे मैदान व्यापले असते. २०१८ च्या डिसेंबरात व्हँकुव्हर येथे झालेल्या कनिष्ठ ग्रां प्रीच्या अंतिम स्पर्धेत मुलींच्या गटातील तिन्ही पदके रशियाच्या मुलींनी जिंकली होती. अशा देशात चौथी, पाचवी, सहावी असणारी मुलगी अन्य देशात जन्मली असती, तर तेथील पहिली ठरली असती. त्याच जागेचा दुसरा पैलू मार्च २०२२ मध्ये दिसला. युक्रेनवरील आक्रमणानंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने रशिया व बेलारूसच्या स्केटरांना आपल्या स्पर्धांतून वगळले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींची वर्षे त्या निर्णयात गेली. निर्णयाच्या योग्यायोग्यतेचा विचार येथे करावयाचा नाही. मुद्दा एवढाच की, जागा मुलीची कधीच नव्हती. ती राष्ट्राची होती.

राष्ट्राकडे जागा कशी आली?

ही व्यवस्था खेळाइतकी जुनी नाही. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी २०० मीटर धावणे व २०० मीटर अडथळा शर्यत यांत रौप्यपदके मिळविली. त्यांना कोणत्याही भारतीय संस्थेने पाठविले नव्हते. म्हणूनच त्या पदकांचे श्रेय भारताचे की ब्रिटनचे, हा वाद आजही अभ्यासकांत चालू आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकपासून प्रवेशिका राष्ट्रीय ऑलिंपिक समित्यांमार्फतच घेण्याची पद्धत रूढ झाली आणि खेळाडू व स्पर्धा यांच्यामध्ये राष्ट्र नावाचा एक दरवाजा उभा राहिला. पारतंत्र्यातील हिंदुस्थानाला मात्र या दरवाजाची किल्ली कोणाकडे मागावी, हाच प्रश्न होता.

त्याचे उत्तर पुण्यात मिळाले, ही आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब होय. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. १९१९ मध्ये जिमखान्याच्या मैदानावर झालेल्या शर्यतींत खेड्यापाड्यांतील धावपटू अनवाणी धावले. त्यांचा वेग पाहून, ही मुले युरोपातील धावपटूंच्या बरोबरीने का धावू नयेत, असा विचार दोराबजींनी समारंभास उपस्थित असलेले मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड जॉर्ज लॉइड यांच्यापुढे मांडला. पुढे निवड चाचणी होऊन १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी चार धावपटू व दोन मल्ल असा संघ निघाला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, तर मल्ल रणधीर शिंदे यांना फेदरवेट गटात चौथे स्थान मिळाले. त्यांच्यासोबत सदाशिव दातार, कैकाडी, कुमार नवले आणि बंगालचे पूर्णचंद्र बॅनर्जी हे खेळाडू होते.

अँटवर्पचा हा संघ मूठभर लोकांनी एका शहरात निवडला होता. त्यात निवड अन्याय्य झाली असे म्हणण्याचा हेतू नाही. त्या काळी दुसरा मार्गच नव्हता. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपूर्वी दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा घेण्यात आल्या, प्रांतांतून खेळाडू आले आणि १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. गाव, प्रांत, देश अशी चाळणी येथून सुरू झाली. तिची छिद्रे पुढे बारीक होत गेली.

चाळणीतून निसटलेला आणि पुन्हा आत आलेला मल्ल

खाशाबा दादासाहेब जाधव यांची कथा महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. तिचा येथे विचार करावयाचा तो निराळ्या कारणासाठी. कराड तालुक्यातील गोळेश्वर येथे १९२६ मध्ये जन्मलेले खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तांबड्या मातीत घडलेला हा मल्ल तेथे मॅटवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. येथपर्यंत जागा व पैसा दोन्ही एकाच हातातून आले होते, आणि तो हात संस्थानचा होता.

१९५२ पर्यंत संस्थाने विलीन झाली होती. कुस्तीत एका वजनगटात एका देशाचा एकच मल्ल, असा नियम होता; भारतात मात्र मल्लांना तोटा नव्हता. खाशाबांवरील लेखनात सर्वत्र येणारी हकिगत अशी की, मद्रास येथील स्पर्धेत निरंजन दास यांच्याविरुद्ध त्यांना एक गुण कमी देण्यात आला. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लागली आणि त्यांनी निरंजन दास यांना चीत केले. हेलसिंकीत दोघेही गेले, निरंजन दास फ्लायवेटमध्ये आणि खाशाबा बँटमवेटमध्ये. दाद मागण्याची व्यवस्था कागदावर नव्हती. ती एका क्रीडाप्रेमी राजाच्या मर्जीवर होती. ज्यांनी दाद मागितली नाही किंवा ज्यांचा शब्द पतियाळापर्यंत पोहोचला नाही, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आणि इतिहासाच्या अभ्यासकाला हीच उणीव सर्वाधिक अस्वस्थ करते.

जागा मिळाली, तरी प्रवासखर्चाचा प्रश्न उरलाच. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली. महाविद्यालयीन अध्यापकांसाठी असलेल्या या नियतकालिकात ही घटना केवळ गौरवाने नोंदवून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. एका प्राचार्यांचे घर गहाण पडते, तेव्हा त्याचा अर्थ असा की राष्ट्राने जागेवरील आपला हक्क सांगितला, परंतु तिच्या खर्चाची जबाबदारी घेतली नाही. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले. परतल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे कर्ज फेडले. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. त्याच हेलसिंकीत फेदरवेट गटात चौथे आलेले केशव माणगावे हेही महाराष्ट्राचेच. त्यांचे नाव किती जणांना आठवते?

एकाच घरातील गर्दी

कनिष्ठ वयोगटाचा प्रश्न बुद्धिबळात अधिक स्पष्ट होतो, कारण येथे बारा-तेरा वर्षांचे मूल प्रौढांच्या बरोबरीने बसू शकते. महिलांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९७४ मध्ये बंगळूर येथे झाली आणि ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन कन्यांनी त्यानंतरच्या दशकात हे अजिंक्यपद आपल्याच घरात ठेवले. देशातील सर्वोच्च जागेसाठीची गर्दी एकाच घरात, एकाच पटाभोवती असल्याचे असे उदाहरण विरळाच. १९७९ मध्ये जयश्री भारताच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाल्या. रोहिणी १९८१ मध्ये हैदराबाद येथे व १९८३ मध्ये क्वालालंपूर येथे आशियाई विजेत्या ठरल्या.

यापेक्षा महत्त्वाची घटना १९७६ ची आहे. तेरा वर्षांच्या रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या. त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. खाशाबांना राजाकडे जावे लागले होते. रोहिणी यांना न्यायालय आणि नियम उपलब्ध होते. अवघ्या चोवीस वर्षांत घडलेला हा बदल खेळाच्या इतिहासापेक्षा आपल्या संविधानाच्या इतिहासात शोधावा लागेल. अर्थात वृत्तपत्राच्या संपादकाच्या घरी कायद्याची भाषा सहज उपलब्ध होती, हेही विसरता येत नाही.

बुद्धिबळाने गर्दीवर आणखी एक तोड काढली. जागतिक युवा स्पर्धांत प्रत्येक वयोगटासाठी देशाचा एक अधिकृत खेळाडू असतो व त्याच्या निवास-भोजनाची व्यवस्था यजमान करतात. त्याखेरीज इतरांनाही राष्ट्रीय संघटनेमार्फत, परंतु स्वखर्चाने, जाता येते. स्केटिंगमध्ये चौथ्या मुलीला दरवाजा बंद आहे, बुद्धिबळात तो उघडा आहे, फक्त उंबरठ्यावर पावती फाडावी लागते. या व्यवस्थेने महाराष्ट्राला पुष्कळ दिले. नाशिकचे विदित गुजराथी २००८ मध्ये व्हिएतनाममधील वुंग ताऊ येथे चौदा वर्षांखालील जगज्जेते झाले. पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन २००९ मध्ये अर्जेंटिनातील पुएर्तो मादरिन येथे जागतिक कनिष्ठ मुलींचे अजिंक्यपद घेऊन आल्या. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२४ मध्ये गांधीनगर येथे तेच अजिंक्यपद जिंकले आणि २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हम्पी यांना नमवून महिला विश्वचषक पटकावला. या यादीत नाशिक, पुणे, नागपूर आहे. मराठवाडा नाही.

मराठवाडा आणि वयाचा रकाना

मराठवाड्यात गुणवत्ता नाही, असे कोणी म्हणणार नाही. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे हे त्याचे उत्तर आहे. ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी, असा त्यांचा प्रवास आहे. परंतु कनिष्ठ गटाच्या दृष्टीने या चरित्रातील तारखा पाहण्यासारख्या आहेत. जन्म सप्टेंबर १९९४. बारावीनंतर सैन्यात भरती. स्पर्धात्मक धावण्यास सुरुवात २०१५ मध्ये, सैन्यातील क्रॉस कंट्री शर्यतीपासून. अॅथलेटिक्समध्ये कनिष्ठ गट वीस वर्षांखालील असतो. म्हणजे साबळे यांच्यासाठी तो २०१३ च्या अखेरीस संपला होता. आशियातील सर्वश्रेष्ठ ठरलेला हा धावपटू कनिष्ठ म्हणून कधी धावलाच नाही. त्यांना गर्दीने मागे टाकले नव्हते. ते गर्दीपर्यंत पोहोचलेच नव्हते.

जिंतूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी अध्यापन करताना हा फरक रोज डोळ्यांसमोर असतो. पहाटे परभणी रस्त्यावर मुले धावताना दिसतात. त्यांच्या मनात १६०० मीटर हे अंतर पक्के बसलेले असते, कारण पोलीस भरतीत मुलांना तेवढे धावावे लागते. मुलींना ८०० मीटर. ऑलिंपिकमध्ये १६०० मीटरची वैयक्तिक शर्यतच नाही, हे वर्गात सांगितले तेव्हा मुले हसली, आणि एकाने विचारले, "सर, मग तिकडं पळून नोकरी लागते का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. खाशाबाही अखेरीस पोलिसांतच गेले होते, हे मी त्याला सांगितले. त्याला ते समाधानकारक वाटले.

आमच्या विद्यार्थ्यांपुढे आंतरराष्ट्रीय मैदानाकडे जाणारा एक मार्ग विद्यापीठामार्फत आहे. महाविद्यालय, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा संघ, आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि तेथून १९५९ मध्ये तुरिन येथे सुरू झालेली जागतिक विद्यापीठ स्पर्धा, अशी ही साखळी आहे. येथे वयोमर्यादा पंचवीसपर्यंत जाते, म्हणजे कनिष्ठ गट हुकलेल्या ग्रामीण मुलाला पाच-सहा वर्षांची सवलत मिळते. तिचा उपयोग मात्र प्रथम वर्षातच व्हावा लागतो. मागील वर्षी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीची प्रवेशिका भरताना आम्ही दोघे तिच्या जन्मतारखेपाशी थांबलो. तिने बोटांवर महिने मोजले, पुन्हा मोजले आणि अर्ज माझ्या टेबलावर तसाच ठेवून, "पुढच्या तासाला येते," असे म्हणून ती बाहेर गेली.