सामानात काय घ्यावे? : १८८३ सालच्या एका प्रवासिनीचे प्रश्न

१/ नेरुळ-खारघरच्या घरांतून परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या बॅगा भरताना तेच प्रश्न निघतात. थंडीचे कपडे किती घ्यावेत? जेवणाचे काय? खोली कशी असेल? तिथे ओळखीचे कोण आहे? पारसिकच्या डोंगरापलीकडील कल्याणच्या एका मुलीपुढे १८८३ साली हेच प्रश्न उभे होते, आणि अमेरिकेत शिकून आलेली एकही मराठी स्त्री तिला उत्तरे द्यायला नव्हती.

२/ ही मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी, माहेरची यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले. स्त्रियांवर उपचार करणारी स्त्री डॉक्टर हवी, हा त्यांचा निश्चय पुढे दृढ झाला.

३/ पहिला प्रश्न ओळखीचा. टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांचे पत्र एका अमेरिकन मिशनरी मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते दंतवैद्याकडे वाट पाहताना वाचले आणि पत्रव्यवहार सुरू केला. निघण्यापूर्वीच परक्या देशात हक्काचे एक घर तयार झाले. या प्रवासातील सर्वांत शहाणपणाची तयारी हीच ठरली.

४/ दुसरा प्रश्न परवानगीचा. भारतात पासपोर्टचा कायदा १९२० साली आला; त्यामुळे आनंदीबाईंपुढची खरी अडचण समाजाच्या संमतीची होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयात त्यांनी जाहीर भाषण केले. अमेरिकाच का, एकटीच का, बहिष्कार पडला तर काय, अशा एकेका प्रश्नाचे त्यांनी उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, ही त्यांची भूमिका होती.

५/ ७ एप्रिलला मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने त्यांनी कलकत्ता सोडले आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. एकूण ५८ दिवस. सुएझ कालवा खुला होऊन जवळपास १४ वर्षे झाली होती, तरीही हा काळ इतका लांब होता.

६/ मग पोशाखाचा प्रश्न आला. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. कोकणच्या हवेत त्याचे काही वाटत नाही. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात मात्र ते जिवावर बेतू शकते. आनंदीबाईंनी परदेशी झगा स्वीकारला नाही. पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी हा त्यांनी काढलेला मधला मार्ग होता.

७/ खोलीचा प्रश्न मात्र सुटला नाही. तिथल्या शेगडीचा धूर खोलीत कोंडे. ती पेटवावी तर धूर, विझवावी तर गारठा. त्यात शाकाहार, स्वतःचा स्वयंपाक आणि वैद्यकीय अभ्यासाचा ताण. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ साली दाखवून दिला होता, पण औषध अजून सहा दशके दूर होते. मुळात नाजूक असलेली प्रकृती खालावत गेली.

८/ ११ मार्च १८८६ रोजी विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाची पदवी त्यांना मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. ती जागा त्या सांभाळू शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची २२ वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

९/ पदवीदान समारंभासाठी इंग्लंडहून आलेल्या पंडिता रमाबाई पुढे अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. १८८९ साली त्यांनी त्या देशाविषयी मराठीत एक पुस्तक प्रसिद्ध केले. सागरी प्रवास, घरे, शिक्षण, राज्यव्यवस्था, स्त्रियांची स्थिती, सारे त्यात आहे. कौतुकासोबत टीकाही आहे: कमर आवळणाऱ्या पोशाखावर आणि टोप्या सजवण्यासाठी होणाऱ्या पक्षीहत्येवर. पुढच्या मराठी प्रवाशाला निदान एक वाटाड्या मिळाला.

१०/ पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्याने या दोघींकडून काय घ्यावे? निघण्याआधी तिथे एक विश्वासाचे माणूस असावे. पोशाख तिथल्या हवेला विचारून ठरवावा. खोलीची ऊब पैसे भरण्यापूर्वी तपासावी. आजार अंगावर काढू नये. आणि परतल्यावर आपला अनुभव मराठीत लिहून ठेवावा. आनंदीबाईंना असे काही वाचायला मिळाले नव्हते.