लिबर्टेरियन पक्ष (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्यक्तिस्वातंत्र्यवादी विचारसरणीचा एक लहान राजकीय पक्ष. त्याची स्थापना ११ डिसेंबर १९७१ रोजी कॉलोराडो राज्यात झाली. डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन या दोन प्रबळ पक्षांच्या बाहेर राहून इतका दीर्घकाळ राष्ट्रीय निवडणुका लढविणारे पक्ष अमेरिकेत थोडेच आहेत. मात्र या पक्षाचा एकही उमेदवार काँग्रेसवर निवडून आलेला नाही. सत्तेपेक्षा विचारप्रसार, न्यायालयीन लढे आणि निवडणूक-नियमांशी चाललेला झगडा यांनीच त्याचा इतिहास व्यापला आहे.

स्थापना व तत्त्वे : १५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी वेतन व किंमती गोठविल्या आणि डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले. मुक्त बाजारपेठेचा पुरस्कार करणाऱ्या रिपब्लिकन पक्षाच्याच अध्यक्षाने हे निर्णय घेतल्यामुळे, तसेच व्हिएटनाम युद्ध व सक्तीची लष्करभरती यांमुळे अस्वस्थ झालेल्या तरुणांचा एक गट डेव्हिड नोलन (१९४३–२०१०) यांच्याभोवती जमला आणि त्यातून पक्ष उभा राहिला. राजकीय वा सामाजिक उद्दिष्टांसाठी बळाचा प्रथम वापर करणे आपणास मान्य नाही, अशा प्रतिज्ञेवर सदस्याला सही करावी लागते. करकपात, मुक्त व्यापार व खाजगी मालमत्ता यांचा पुरस्कार पक्ष करतो. त्याचबरोबर ज्या कृत्यांत दुसऱ्या कोणाची हानी होत नाही, ती गुन्हे मानू नयेत आणि परदेशांत लष्करी हस्तक्षेप करू नये, असेही तो सांगतो. त्यामुळे ‘उजवे-डावे’ या रूढ विभागणीत तो बसत नाही. ही अडचण ओळखून नोलन यांनी आर्थिक स्वातंत्र्य व वैयक्तिक स्वातंत्र्य असे दोन अक्ष असलेली आकृती मांडली. ती ‘नोलन आलेख’ या नावाने ओळखली जाते. तिच्या आधारे मार्शल फ्रिट्झ यांनी १९८५ मध्ये एक छोटी प्रश्नावली तयार केली. जत्रा, महाविद्यालये व पोस्टासमोरील पदपथ अशा ठिकाणी लोकांकडून ती भरून घेणे, हे पुढे कार्यकर्त्यांचे आवडते प्रचारसाधन बनले.

निवडणूक प्रचार : १९७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन हॉस्पर्स व त्यांच्या सहउमेदवार टोनी नेथन यांची नावे केवळ दोन राज्यांच्या मतपत्रिकांवर होती. त्यांना चार हजारांहूनही कमी मते पडली. परंतु व्हर्जिनियातील रॉजर मॅकब्राइड या रिपब्लिकन निर्वाचकाने निक्सन यांच्याऐवजी या जोडीला मत दिले. त्यामुळे निर्वाचकगणाचे मत मिळविणारी पहिली स्त्री हा मान नेथन यांना मिळाला. १९७६ मध्ये मॅकब्राइड हेच पक्षाचे उमेदवार झाले आणि त्यांना सु. १ लक्ष ७२ हजार मते पडली. १९७८ मध्ये अलास्काच्या प्रतिनिधिगृहावर डिक रँडॉल्फ निवडून आले. राज्य विधिमंडळात पोहोचलेले ते या पक्षाचे पहिले उमेदवार होत. अलास्काने १९८० मध्ये व्यक्तिगत प्राप्तिकर रद्द केला. खनिज तेलाचे उत्पन्न हे त्याचे मुख्य कारण असले, तरी करविरोधी जनमत घडविण्यात रँडॉल्फ यांचा वाटा होता.

१९८० मध्ये एड क्लार्क यांचे नाव सर्व पन्नास राज्यांच्या मतपत्रिकांवर आले. उपाध्यक्षपदाचे उमेदवार डेव्हिड कोक हे धनाढ्य उद्योगपती होते. १९७६ च्या बक्ली विरुद्ध व्हॅलिओ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक देणग्यांवरील मर्यादा कायम ठेवली, मात्र उमेदवाराने स्वतःचा पैसा खर्च करण्यावरील मर्यादा घटनाबाह्य ठरविली. खटल्यातील वादींमध्ये लिबर्टेरियन पक्षही होता. या निर्णयामुळे कोक यांना सु. २० लक्ष डॉलर स्वतःच्या प्रचारावर खर्च करता आले आणि दूरचित्रवाणीवर जाहिराती झळकल्या. क्लार्क यांना ९ लक्ष २१ हजार मते, म्हणजे १·०६ टक्के मते मिळाली. परंतु याच यशातून फूट पडली. क्लार्क यांनी पक्षाची ओळख ‘कमी करांचा उदारमतवाद’ अशी सौम्य शब्दांत करून दिल्यामुळे अर्थतज्ञ मरे रॉथबार्ड यांच्यासारखे तत्त्वनिष्ठ नाराज झाले. १९८३ च्या अधिवेशनानंतर पक्षाचे माजी अध्यक्ष एड क्रेन व कोक यांचा गट बाहेर पडला आणि त्याने आपले लक्ष केटो इन्स्टिट्यूट (स्थापना १९७७) यांसारख्या धोरणविषयक अभ्याससंस्थांकडे वळविले. मते मिळविण्यासाठी तत्त्वे सौम्य करावीत, की तत्त्वे सांगण्यासाठीच निवडणूक लढवावी, हा प्रश्न पक्षाला तेव्हापासून सुटलेला नाही.

मतपत्रिकेचा प्रश्न : अमेरिकेत मतपत्रिकेवर नाव येण्याचे नियम प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरविते. प्रबळ पक्षांना हे स्थान आपोआप मिळते. लहान पक्षांना ठराविक मुदतीत हजारो मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, किंवा आधीच्या निवडणुकीत ठराविक टक्के मते मिळविलेली असावी लागतात. सह्यांची छाननी होते व पुष्कळ सह्या बाद ठरतात, म्हणून आवश्यकतेपेक्षा बऱ्याच अधिक सह्या जमवाव्या लागतात. परिणामी पक्षाचा पैसा व श्रम यांचा मोठा भाग मतदारांपर्यंत विचार पोहोचविण्याआधीच खर्ची पडतो. जॉर्जिया राज्यातील पाच टक्के सह्यांची अट सर्वोच्च न्यायालयाने जेनेस विरुद्ध फॉर्टसन (१९७१) या खटल्यात वैध ठरविली होती. त्यामुळे अशा अटींना आव्हान देणे कठीण झाले. अध्यक्षीय वादसभांसाठी सन २००० पासून जनमत-चाचण्यांत पंधरा टक्के पाठिंब्याची अट घालण्यात आली. या पक्षाचा एकही उमेदवार ती पुरी करू शकला नाही. एकसदस्य मतदारसंघ व सर्वाधिक मते मिळविणारा विजयी ही पद्धत असल्याने आपले मत वाया जाईल, ही मतदारांची भीतीही पक्षाच्या आड येते.

न्यायालयीन व लोकमताचे लढे : उमेदवारांना मादक द्रव्यांसाठी चाचणी सक्तीची करणारा जॉर्जियातील कायदा पक्षाचे उमेदवार वॉकर चँडलर व त्यांचे सहकारी यांच्या दाव्यामुळे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द केला.  डिसेंबर १९९८ मध्ये संघीय ठेव विमा निगमाने बँकांनी ग्राहकांच्या व्यवहारांवर पाळत ठेवावी, असा नियम सुचविला. पक्षाने त्याविरुद्ध नागरिकांना हरकती पाठविण्यास प्रवृत्त केले. सु. अडीच लक्ष अभिप्राय, बहुतेक विरोधी, निगमाकडे आले आणि मार्च १९९९ मध्ये तो प्रस्ताव मागे घेण्यात आला. निवडणुकीत एक टक्काही मते न मिळविणाऱ्या पक्षाला, योग्य प्रश्न व योग्य वेळ साधल्यास, शासनाला माघार घ्यावयास लावता येते, याचे हे उदाहरण होय.

अलीकडील काळ : २०१६ मध्ये न्यू मेक्सिकोचे माजी राज्यपाल गॅरी जॉन्सन यांना ४४ लक्ष ८९ हजार मते (३·२८ टक्के) मिळाली, हा पक्षाचा उच्चांक ठरला. सिरियातील अलेप्पो शहराविषयीच्या प्रश्नाला त्यांना मुलाखतीत उत्तर देता आले नाही. अनेक मतदारांच्या मनात त्यांची तेवढीच ओळख उरली. २०२० मध्ये जो जॉर्गेन्सन यांना १·१८ टक्के मते पडली. त्याच वर्षी मिशिगनचे प्रतिनिधी जस्टिन अमॅश पक्षात आले. काँग्रेसमधील हे पक्षाचे पहिले सदस्यत्व होय, परंतु मूळचे ते रिपब्लिकन म्हणून निवडून आले होते. २०२२ च्या रीनो अधिवेशनात ‘मीझेस’ गटाने नेतृत्व हस्तगत केले व काही राज्यशाखा फुटून निघाल्या. २०२४ च्या अधिवेशनात डोनाल्ड ट्रंप यांनी भाषण केले, तेव्हा सभेत त्यांची हुर्यो उडविण्यात आली. रॉस उलब्रिक्ट या बंदिवानाची सुटका करण्याचे त्यांनी तेथे दिलेले आश्वासन मात्र जानेवारी २०२५ मध्ये पूर्ण झाले. पक्षाचे स्वतःचे उमेदवार चेस ऑलिव्हर यांना अर्ध्या टक्क्याहून कमी मते मिळाली.

मूल्यमापन : सक्तीच्या लष्करभरतीला विरोध, मादक द्रव्यविषयक कायद्यांची शिथिलता, कमी कर यांसारख्या ज्या मागण्या पक्षाने प्रारंभापासून केल्या, त्यांपैकी काहींना पुढे प्रबळ पक्षांतही समर्थक लाभले. या बदलांचे श्रेय एकट्या पक्षाला देता येत नाही. इतर अनेक चळवळींचा व परिस्थितीचा त्यांत भाग आहे. लहान पक्षाची मागणी मोठ्या पक्षाने उचलली, की तिच्या मूळ पुरस्कर्त्यांचे मतदार कमी होतात, हा अमेरिकी राजकारणातील जुना अनुभव लिबर्टेरियन पक्षालाही आला आहे. तथापि मतपत्रिका कोणासाठी खुली असावी आणि ते कोणी ठरवावे, हा लोकशाहीचा मूलभूत प्रश्न त्याने पन्नासहून अधिक वर्षे चर्चेत ठेवला, हे त्याचे महत्त्व मान्य करावे लागते.