माळावरचे गवत अंगणात येते

'उत्तर अमेरिकेतील गवताळ प्रदेशास प्रेअरी म्हणतात.' भूगोलाच्या तासाला हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. मुले ते पाठ करतात, परीक्षेत एक गुण मिळवतात आणि विसरून जातात. त्यात मुलांचा काय दोष? त्या एका ओळीखाली केवढा इतिहास गाडला गेला आहे, हे पुस्तक सांगत नाही.

इलिनॉय राज्याला अजूनही 'प्रेअरीचे राज्य' म्हणतात. एकेकाळी तेथे सुमारे २ कोटी २० लाख एकरांवर प्रेअरी डुलत होती. त्यातले 'मोठे ब्लूस्टेम' हे गवत उंच माणसालाही सहज झाकून टाकी. त्याची मुळे दहा-दहा फूट खोल गेलेली. ती काळी, चिकट माती लोखंडी फाळाला सोडीना. १८३७ साली जॉन डीअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर केला, आणि गवताचे दिवस भरले! आज त्या राज्यात मूळची चांगली प्रेअरी उरली आहे अवघी अडीच हजार एकर. तीही बरीचशी रेल्वेच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींत. कारण तेथे नांगर शिरला नाही.

नांगर पुढे पश्चिमेकडच्या कोरड्या मैदानांतही गेला. गवताने धरून ठेवलेली माती मोकळी झाली. दुष्काळ पडला तेव्हा ती वाऱ्यावर उडाली. १४ एप्रिल १९३५ या दिवसाला तिकडे 'काळा रविवार' म्हणतात, तो त्या धुळीच्या वादळामुळे.

नवल असे, की त्याच सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठाने मॅडिसन येथे एका जुन्या शेतावर पुन्हा प्रेअरी लावायला घेतली. सरकारी योजनेतले बेकार तरुण मजुरीला होते. आल्डो लिओपोल्ड यांच्यासारखे निसर्गज्ञ पाठीशी होते. परंतु युरोपातून आलेले तण हटेना. १९४०च्या दशकात जॉन कर्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवले, की अधूनमधून वणवा लागला तरच प्रेअरी टिकते. तेथले मूळ रहिवासी पिढ्यान्पिढ्या माळ पेटवीत आले होते, ते उगीच नव्हे! १९६१ साली कर्टिस वारले. पुढल्या वर्षी त्या माळाला त्यांचे नाव दिले गेले.

घराच्या अंगणात मात्र या गवताला सुखासुखी थारा मिळाला नाही. तेथे राज्य हिरवळीचे. तिच्यातले प्रसिद्ध 'केंटकी ब्लूग्रास' हे नावाने केंटकीचे, पण मुळात समुद्रापलीकडचे! अनेक गावांत गवताच्या उंचीवर कायद्याने मर्यादा असते. देशी गवत वाढवणारा शेजाऱ्यांच्या लेखी आळशी ठरे, आणि नगरपालिकेची नोटीस दारात येई.

हळूहळू नजर बदलली. २००४ साली शिकागोत भर शहरात, मोटारतळाच्या छपरावर, 'लुरी' बाग उघडली. तिच्यात देशी गवते मानाने मिरवतात. २०२२ साली बागवानांच्या संस्थेने 'लहान ब्लूस्टेम'ला, त्याच्या वाणांसह, वर्षाच्या रोपाचा मान दिला. उन्हाळ्यात निळसर आणि शरदात तांबूस होणारे हे गवत दोन ते चार फूट वाढते. 'ड्रॉपसीड' त्याहून नाजूक. फुलोऱ्यात त्याला धण्यासारखा वास येतो.

लावणी अवघड नाही. भरपूर ऊन हवे, पाण्याचा निचरा हवा. खत घालू नये; लाड केले की गवत लोळते. पहिल्या वर्षी वर फारसे काही दिसत नाही, कारण रोप मुळे घालीत असते. खरी शोभा तिसऱ्या वर्षी. वाळलेले गवत हिवाळाभर उभे ठेवावे, पाखरे बी टिपतात. वसंताच्या तोंडाशी बुडापासून चार बोटे राखून कापावे.

आणि हे सारे परके आहे असे समजू नका. ब्लूस्टेम, आपली ज्वारी आणि ऊस एकाच गोत्रातले. 'इंडियन ग्रास' नावाच्या प्रेअरीच्या गवताचे तर शास्त्रीय नावच ज्वारीवरून पडले आहे.

दहा फुटी वाफ्यात प्रेअरी परत येत नाही, की गव्यांचे कळप परतत नाहीत. पण जे गवत दफनभूमीच्या कुंपणाआड तगून राहिले, ते आता लेकराबाळांच्या घरापुढे, रोजच्या पाहण्यात उभे आहे. त्या घरातल्या मुलाला प्रेअरी म्हणजे काय, हे पाठ करावे लागणार नाही.