दिलेल्या पैशावर हक्क कोणाचा?

2024 साली महाराष्ट्रात 'माझी लाडकी बहीण' योजना आली. महिन्याला 1500 रुपये बहिणींच्या खात्यात पडू लागले आणि त्याबरोबर चौकाचौकांत त्यांचा हिशोबही सुरू झाला. कोणी साडी घेतली, कोणी मोबाईलचा रिचार्ज मारला, कोणी पार्लरला गेली. "आमच्या कराच्या पैशावर चैन चालली आहे," हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. आपल्या मोहल्ल्यांतही रमजान आला की हाच सूर लागतो. जकात रोख दिली तर लोक उडवतील, त्यापेक्षा आटा, तेल, साखर आणि खजूर यांचे किट द्या.

दोन्हीकडे म्हणणे एकच आहे. ज्याला मदत मिळते त्याने ती कशी खर्च करायची, हे देणाऱ्याने ठरवावे. हा वाद आपल्याला आजचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न साडेबाराशे वर्षांपूर्वी इराकमधल्या कूफा शहरात फार बारकाईने चर्चिला गेला होता.

फिकहमध्ये 'हज्र' नावाचे एक प्रकरण आहे. एखाद्याला स्वतःच्या मालमत्तेचे व्यवहार करण्यापासून रोखणे म्हणजे हज्र. लहान मूल आणि वेडा माणूस यांच्याबद्दल मतभेद नव्हता. प्रश्न होता तो 'सफीह'चा, म्हणजे वयाने मोठा, डोक्याने ठीक, पण पैसा उधळणाऱ्या माणसाचा. त्याचे हात बांधावेत का?

इमाम अबू हनीफा (मृत्यू हिजरी 150, इ.स. 767) स्वतः कापडाचे व्यापारी. पैशाची किंमत त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांचे मत होते: नाही. तरुण उधळ्या असेल तर पंचवीस वर्षांचा होईपर्यंत त्याचा माल त्याच्या हाती देऊ नये. त्यानंतर त्याचा माल त्याला द्यावाच लागेल. त्यांचेच दोन थोर शिष्य, काझी अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, यांना हे पटले नाही. उधळ्याला रोखण्यातच त्याचे भले आहे, असे ते म्हणाले. पुढे हनफी मजहबात फतवा शिष्यांच्या मतावर दिला गेला. इतर इमामांचा कलही तिकडेच होता.

मग अबू हनीफांचे मत आज का आठवायचे? त्यामागच्या दलीलीसाठी. ती 'हिदाया' या ग्रंथात नोंदलेली आहे. हाच ग्रंथ 1791 मध्ये इंग्रजीत आला आणि कंपनी सरकारच्या कोर्टांत वापरला गेला. दलील अशी की, शहाण्या प्रौढ माणसाचा स्वतःवरचा अधिकार काढून घेतला तर त्याचे माणूसपणच हिरावले जाते, त्याला जनावरांच्या रांगेत बसवले जाते. हे नुकसान पैसा उधळला जाण्यापेक्षा मोठे आहे.

शिष्यांची बाजूही हलकी नाही. कुरआनच्या सूरह निसामध्ये नासमज लोकांच्या हाती माल देऊ नका, असे सांगितले आहेच. पण त्याच आयतीत त्यांना खाऊ-पिऊ घाला, कपडे द्या आणि त्यांच्याशी भलेपणाने बोला, असेही सांगितले आहे. शिवाय शिष्यांचा हज्र हा एका माणसाच्या वागण्यावर आधारलेला होता. अबू यूसुफ यांच्या मते तर त्यासाठी काझीचा निवाडा लागायचा. 'हा गरीब आहे, म्हणून उधळा असणारच,' असे दोन्ही बाजूंपैकी कोणीही म्हटले नाही. उलट हज्रचा सारा वाद ज्याच्याकडे माल आहे त्याच्याबद्दल होता. आज आपण तो उलटा फिरवला आहे. श्रीमंताच्या मुलाने लग्नात कोटी उडवले तर आपण जेवून येतो. विधवेने पाचशेची चप्पल घेतली तर चर्चा करतो.

जकातीबाबत हनफी फुकहांनी आणखी एक शर्त घातली, 'तमलीक'ची. गरिबाला मालक केल्याशिवाय जकात अदा होत नाही. त्याला दस्तरखानावर बसवून नुसते जेवू घातले तर पुरत नाही. तेच अन्न त्याच्या मालकीचे करून दिले तर चालते. म्हणजे किट दिले तरी जकात होते, पण ते किट त्याचे झाले. उद्या त्याने त्यातले तेल विकून मुलीची फी भरली, तर तक्रार करायला आपण मालक उरलेलो नसतो. फित्र्याचेही तसेच. बाकीच्या मजहबांनी धान्यच देण्याचा आग्रह धरला, हनफींनी धान्याची किंमत चालेल म्हटले. आपल्याकडे दरवर्षी गव्हाच्या भावावरून फित्र्याचे रुपये जाहीर होतात, ते त्यामुळेच.

आता ज्या देशाने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला, तिकडे पाहू. अमेरिकेत महामंदीच्या काळात एकीकडे शेतमाल पडून होता आणि दुसरीकडे शहरांत लोक उपाशी होते. मे 1939 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात 'फूड स्टॅम्प' सुरू झाले. गरिबाने एक डॉलरची नारिंगी तिकिटे विकत घेतली की पन्नास सेंटची निळी तिकिटे फुकट मिळत. नारिंगीवर कोणतेही अन्न घेता येई. निळ्यावर मात्र कृषी खात्याने 'जादा' ठरवलेलाच माल मिळे. म्हणजे निळ्या तिकिटाची यादी गरिबाच्या पोटाकडे बघून होत नव्हती, गोदामाकडे बघून होत होती. ही योजना 1943 मध्ये बंद पडली.

1964 मध्ये कायदा करून ती कायमची आली. दारू आणि तंबाखू वगळले, ते समजण्यासारखे आहे. पण परदेशी मालही वगळला. त्यात गरिबाचे कोणते आरोग्य होते? कनिष्ठ सभागृहाच्या मसुद्यात शीतपेये आणि 'चैनीचे' अन्नही वगळलेले होते. ते टिकले नाही, कारण कोणते अन्न चैनीचे हे दुकानाच्या गल्ल्यावर ठरवणार कोण? आजही या योजनेत साबण आणि बाळाचे डायपर घेता येत नाहीत. दुकानातले गरम तयार अन्नही साधारणपणे घेता येत नाही. ज्याच्याकडे चूलच नाही, त्याने काय करावे? 2010 मध्ये न्यूयॉर्क शहराच्या महापौरांनी गोड पेयांवर बंदीची परवानगी मागितली, पुढच्या वर्षी केंद्राने ती नाकारली. 2025 मध्ये मात्र नेब्रास्कासह अनेक राज्यांना तशी परवानगी मिळाली.

गोड पेयांनी साखरेचा आजार वाढतो, ही काळजी खरी आहे. पण ती सर्वांसाठी खरी आहे. मग नियम फक्त गरिबाच्या कार्डाला का? आणि पैसा असा बांधून ठेवता येतो का? घरात आट्याचे किट आले की आट्यासाठी ठेवलेले रुपये मोकळे होतात. ज्याला चुकीचा खर्च करायचाच आहे, तो त्या रुपयांत करेल. ज्याला औषध हवे होते, त्याच्या घरी मात्र चौथ्या संस्थेचे चौथे किट येऊन पडते.

एक आक्षेप मला वजनदार वाटतो. नवरा दारुडा असेल तर रोख पैसे तो हिसकावून घेतो, म्हणून कित्येक बायका स्वतःच म्हणतात, आम्हाला धान्य द्या. बरोबर आहे, त्यांना धान्यच द्यावे. पण तो निर्णय त्या बाईचा आहे. तिने मागितलेले धान्य आणि तिच्यावर अविश्वास दाखवून दिलेले धान्य, वजन तेच असले तरी वस्तू एक नव्हे.

सरकारने आणि जमातीने अपात्र कोण हे जरूर तपासावे. जकात हक्कदारालाच पोहोचली पाहिजे, ही देणाऱ्याची जबाबदारी आहे. पण ती जबाबदारी देण्यापूर्वीची आहे. दिल्यानंतर पिशवीत डोकावण्याचा अधिकार त्यातून निघत नाही.

पुढच्या रमजानमध्ये किटची यादी करायला बसण्याआधी ज्यांना ते द्यायचे आहे, त्यांच्या दारी एकदा जाऊन विचारूया: तुम्हाला काय हवे आहे? कोणी आटा म्हणेल, कोणी लाइटबिल म्हणेल, कोणी ईदला मुलासाठी बूट म्हणेल. बूट म्हणाले तर बुटांचे पैसे द्यावेत.